डॉक्टर टिकवा समिती

ता. १० जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं आणि आमच्या घरात दोन तट पडले. टिल्लू डॉक्टर होऊन आमच्याच गावच्या दवाखान्यात येतोय हे वाचून हे इतके हरखले, की चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्माच शोधत हिंडले. मी शिवणयंत्रावरून उठले नाही. राग मानू नका, पण आत्या म्हणून मला आनंद आहे, गावकरी म्हणून नाही.

गावकरी म्हणून मला त्या योजनेची शिसारी आली आहे. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावात जो डॉक्टर दोन वर्षं काढील त्याला पगारावर भत्ता, राहायला क्वार्टर, सहा महिने भरले की बक्षिसाचा पहिला हप्ता आणि शेवटी मोठी रक्कम. म्हणजे आम्ही शिक्षेची जागा, आणि इथून सुटणाऱ्याला वर थैली. आमच्यात राहायचे पैसे द्यावे लागतात हे सरकारने छापून जाहीर केलंय, आणि आम्ही त्याचे आभार मानायचे आहेत.

आतापर्यंत आलेल्यांची तऱ्हा ऐका. एकाने बॅग कधी रिकामीच केली नाही. दोरीवरचे दोन शर्ट आलटून पालटून घातले आणि पहिला हप्ता हाती पडताच बॅग उचलून चालू लागला. दुसरा भिंतीवर रोज एक रेघ मारायचा. तो गेल्यावर त्या पुसायला रंगारी बोलवावा लागला. तिसऱ्याने माझ्याकडून क्वार्टरचे पडदे शिवून घेतले, रंगावरून मला चांगलं नाचवलं, आणि जाताना पडदे दांड्यांसकट घेऊन गेला.

शेवटच्या त्या डॉक्टरीणबाई तेवढ्या चांगल्या होत्या. रांग दवाखान्याच्या पायऱ्या उतरून बस थांब्यापर्यंत यायची आणि ती बाई उभ्या उभ्या चहा प्यायची. जाताना ती ह्यांना म्हणाली होती, की हेडमास्तर, तुमच्या गावात माणसं फार आजारी पडतात हो, हे एकटीच्या आवाक्यातलं नाही. रडत रडत बसमध्ये चढली. तिचा मला राग नाही. पण ह्यांनी ते वाक्य मनाला लावून घेतलंय. शाळेतून निवृत्त झाले तरी कोणी चूक दाखवली की सुधारून दाखवायची ह्यांची खोड गेलेली नाही.

टिल्लूला म्हणावं, ये. पण आल्याबरोबर बॅग रिकामी कर, एवढं आत्याने सांगितलंय. दादाला नमस्कार. तुमच्या मायेत खंड नसावा.

तुमची,
वन्सं


ता. २१ जानेवारी

सौ. वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमची कात्री आणि तुमची जीभ, दोन्हींना अजून धार आहे हे वाचून बरं वाटलं. तुमचे दादा तुमचं पत्र मोठ्याने वाचत होते आणि रेघांच्या ठिकाणी त्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. मी मात्र हसले नाही. अहो, पैसे घेऊन येतो म्हणून काय झालं? गायक पैसे घेऊनच गातो, तरी गाणं गोड लागतंच ना?

तुम्हाला म्हणून सांगते, चौकातल्या नव्या इमारतीत तळमजल्यावर आम्ही एक जागा बघून ठेवली आहे. पुढे औषधाचं दुकान, आत टिल्लूची खोली. दोन वर्षांनी ती रक्कम आली की लगेच घ्यायची. पाटीवर अक्षरं सोनेरी असावीत की निळी, यावरून आमच्यात आत्तापासूनच वाद चालू आहे. जागावाला थांबायला तयार आहे, पण पहिल्या हप्त्यापर्यंतच; तो आला की विसार द्यायचा.

आता एक विनंती. टिल्लूला लहानपणापासून धूळ सोसत नाही आणि दगदग तर मुळीच नाही. परीक्षेच्या दिवसांत कसा वाळून जायचा ते तुम्ही पाहिलं आहे. त्या डॉक्टरीणबाईंसारखं त्याचं होऊ देऊ नका. तुमच्या हेडमास्तरांचा गावात शब्द चालतो. लोकांना जरा शिस्त लावा म्हणावं, उठसूट दवाखान्यात गर्दी नको. तुम्ही दोघं तिथे आहात म्हणूनच मी त्याला पाठवते आहे.

हेडमास्तरांना नमस्कार सांगा. आमच्यावर लक्ष असू द्या.

तुमची,
वहिनी


ता. १८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

टिल्लू सुखरूप पोचला. दाराची चौकट डोक्याला लागते इतका उंच झालाय आणि तरी टिल्लूच म्हणायचं, गंमतच आहे. बॅग माझ्यासमोर रिकामी केली. पडदे मी आधीच लावून ठेवले होते.

आता तुमच्या विनंतीचं काय झालं ते ऐका. पत्र ह्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात बैठक बोलावली. मंडळाचं नाव ठेवलंय डॉक्टर टिकवा समिती. अध्यक्ष कोण ते सांगायला नको. फळ्यापाशी उभे राहून ह्यांनी सांगितलं, की मागचे डॉक्टर भत्ता कमी पडला म्हणून गेले नाहीत, आजारी माणसं जास्त झाली म्हणून गेले. सरकारने पैसे वाढवले, आता आजार कमी करणं गावाचं काम आहे. आणि मोठी माणसं बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, त्यांनी चक्क माना डोलावल्या!

वेळापत्रक केलंय, वहिनी. सोमवारी वरची गल्ली, मंगळवारी बाजारपेठ, बुधवारी वखारीकडची माणसं, असं. दिवसाला तिघं-चौघं, तेही किरकोळ दुखण्याचे. आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून जायचं. रडकी पोरं न्यायची नाहीत. ज्याला खरोखरच काही झालंय त्याने सकाळच्या बसने डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जायचं, आणि टिल्लूने विचारलं तर कामाला जातो म्हणायचं. वर्गात पोरांना एकेक करून बाहेर सोडायचे, तसं आता हे गावाला आजारी पडायला सोडतात.

मी ह्यांची यथेच्छ टर उडवली. म्हटलं, पाहुण्याला वाढायला नको म्हणून घरच्यांनी उपाशी मरायचं, तसं झालं हे. पण तुम्ही तिथे बसून नुसतं हसू नका. ती डॉक्टरीण गेली आणि दुसरं कोणी यायचं होतं, त्या मधल्या दिवसांत वखारीतल्या सुताराची सून बाळंतपणात अडली आणि घाटात, बसच्या सीटवर गेली. सुतार बैठकीला पहिल्या बाकावर बसला होता. डॉक्टर नसलेलं गाव कसं असतं ते त्याने पाहिलंय, म्हणून त्याने सर्वांत आधी हात वर केला. त्याला मी काय बोलणार?

ह्यांनी माझ्याकडूनही शब्द घेतलाय, की भाच्याला यातलं काही सांगायचं नाही. तो गेला तर हेडमास्तरांच्या बायकोने पळवला म्हणतील, ही माझ्याही मनातली भीती आहे. म्हणून गप्प आहे, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते तुम्ही जाणताच.

लोभ आहेच, तो वापरात असू द्या.

तुमची,
वन्सं


ता. १२ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जरा जास्तच. आई, इतकं निरोगी गाव मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही. रोज तीन-चार जण येतात, केस विंचरून, हसतमुख. परवा एकाच्या नखात कुसळ गेलं होतं. दुसऱ्याला काहीच झालं नव्हतं, तब्येत चांगली आहे ना एवढं बघा म्हणाला, आणि चांगली आहे म्हटल्यावर माझेच आभार मानून गेला. मग मी दिवसभर खिडकीत बसतो. सरकार मला या खिडकीचे पैसे देतंय असं वाटतं.

खिडकीसमोरच बस थांबा आहे. सकाळच्या बसला ही गर्दी असते! शाली गुंडाळलेल्या बायका, पोट धरून उभे राहिलेले बाप्ये, खांद्यावर झोपलेली पोरं. मी काकांना विचारलं, तर म्हणाले की कामाला जातात पलीकडच्या गावी. एवढी थकलेली माणसं रोज घाट ओलांडून कामाला जातात आणि दवाखान्याची पायरी चढत नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. खोकतात मात्र खूप. वखारीतल्या भुशाने असेल.

कधी कधी वाटतं, कौतुक कसलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. भत्त्यासाठी आलेला पोरगा म्हणून लांब राहत असतील. तसं असेल तर चुकतात असंही म्हणता येत नाही. पण सहा वर्षं रात्रंदिवस शिकलो ते खिडकीत बसायला का? असंच चाललं तर हप्ता बिप्ता सोडून परत यावं म्हणतो.

आत्याकडे रविवारी जेवायला जातो. ती हल्ली फार कमी बोलते, तब्येत बरी नसेल. काका ताठ बसून जुन्या विद्यार्थ्यांच्या गमती सांगतात. बाबांना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
टिल्लू


ता. २४ मार्च

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

सोडून येण्याचं डोक्यातून आधी काढून टाक. लोक आजारी पडत नाहीत यात तुझं काय नुकसान आहे? उलट भाग्य समज आणि विश्रांती घे. तुझ्यासारखी नोकरी मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. विश्वास नाही वगैरे काही नसतं. साधी माणसं आहेत, बुजत असतील. बस थांब्यावर कोण कुठे जातं याच्या चौकशा करत बसू नकोस. गावाच्या भानगडीत बाहेरच्याने पडू नये.

जागावाल्याने भिंतीला रंग लावून घेतला. पाटी निळीच करायचं ठरलंय, तुझ्या बाबांनी माघार घेतली. दूध घेत जा. पत्र पाठवत राहा म्हणजे जिवाला बरं.

तुझी,
आई


ता. ६ जून

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या शिवणाच्या दुकानात बसून लिहिते आहे, घरी लिहिलं तर हे वाचतील.

समितीने गेल्या आठवड्यात माझ्याकडून जाड पडदे शिवून घेतले, अस्तर लावून. दवाखान्याच्या खिडकीसाठी. टिल्लूला सांगितलं, की बसची धूळ आत येते आणि तुमच्या आईंनी कळवलंय, तुम्हाला धूळ सोसत नाही. खरं कारण असं, की तो थांब्यावरच्या माणसांकडे फार वेळ बघायला लागला होता. एकदा खाली येऊन एका बाईच्या पोराच्या कपाळाला हातही लावला त्याने. ती बाई पोर कडेवर घेऊन बसमागे धावली. पोराला ताप होता, वहिनी, चटका बसावा इतका. डॉक्टरचा हात लागला आणि ती पळाली, आणि संध्याकाळी समितीत तिची शाबासकी झाली. मी ऐकत होते. ह्यांना म्हटलं, आता तिला बक्षीसही द्या, सरकारकडून मागवून.

पण हे पत्र मी ह्यांच्याच तब्येतीसाठी लिहिते आहे. महिनाभर बघतेय. दुकानाचा जिना चढताना मध्ये थांबतात, कठडा धरतात, आणि मला दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतात. एकच महिना किती वेळ वाचायचा? डावा खांदा भरून येतो, तर म्हणे गॅस आहे. रात्री घाम येतो. शर्ट मी धुते, मला कळणार नाही का? टिल्लू रविवारी येतो तेव्हा हे आधीपासून खुर्चीत बसून राहतात, म्हणजे त्याच्यासमोर उठायला नको.

मी हात जोडून सांगितलं, की घरातला मुलगा आहे, एकदा नाडी तर दाखवा. तर मला उत्तर मिळालं, की अध्यक्षानेच नियम मोडला तर उद्या रांग बस थांब्यापर्यंत जाईल. वरच्या गल्लीची पाळी सोमवारी असते, आणि खरं दुखणं असेल तर बस आहे. असा माणूस, वहिनी! ह्यांच्या मूर्खपणावर हसत हसत इतके दिवस काढले. आता हसू येत नाही. मला भीती वाटते.

मी शब्दाने बांधलेली आहे. मोडला तर हे घरात पाऊल ठेवू देणार नाहीत, एवढे हट्टी आहेत. तुम्ही समितीत नाही. तुम्ही त्याची आई आहात. एक ओळ लिहा त्याला, की काकांना तपास. बाकी काही लिहू नका हवं तर.

तेवढी एक ओळ, वहिनी. त्यातच तुमचा सगळा लोभ आला.

तुमची,
वन्सं


ता. १७ जून

सौ. वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. पण वन्सं, तुम्ही मुळातच जरा चटकन घाबरता. वय झालं की जिन्यात दम सगळ्यांनाच लागतो. तुमचे दादा तर दुसऱ्या पायरीवरच बसकण मारतात.

टिल्लूला लिहायला माझी ना नाही. पण तुम्हीच विचार करा. काकांना तपास म्हटलं की तो विचारणार, इतके दिवस का लपवलं. मग एकातून एक निघत सगळं बाहेर येईल, आणि त्याचा स्वभाव तुम्ही जाणता. तडकाफडकी बॅग भरेल. सहा महिने भरायला आता दोनच महिने उरलेत. पहिला हप्ता एकदा हातात पडू द्या, मी स्वतः त्याला सविस्तर लिहीन, अगदी सगळं.

तोवर हेडमास्तरांना सरळ मोठ्या इस्पितळात घेऊन जा की. तिथे यंत्रं असतात. आपल्या टिल्लूकडे त्या दवाखान्यात कानाला लावायच्या नळीखेरीज आहे काय? बस तर दारातूनच जाते.

जपून असा. आमच्याविषयी मनात काही आणू नका.

तुमची,
वहिनी


ता. २२ जुलै

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. निळ्या पाटीचं ठीक आहे. आज सकाळपासून एकही पेशंट नाही, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसलो.

आजची एक गंमत सांगतो. या जाड पडद्यांमुळे आत अंधार असतो, म्हणून चहाचा कप घेऊन पायरीवर उभा होतो. थांब्यावर नेहमीची गर्दी, आणि तिच्यात काका! पांढरा शर्ट, हातात पिशवी, शेजारी वखारीतला सुतार. मी हात हलवला. तर काकांनी मला पाहिलं आणि उजवा हात छातीवर ठेवून, थोडं वाकून, किती तरी वेळ तसेच उभे राहिले. एवढा वयाने मोठा माणूस, आख्ख्या गावाचा हेडमास्तर, आणि काल आलेल्या पोराला असा छातीवर हात ठेवून नमस्कार करतो. मला तर लाजच वाटली. मीही तसाच हात ठेवून वाकलो. मग बस आली आणि सुताराने त्यांना आधार देऊन वर चढवलं. या गावातले लोक एकमेकांना फार जपतात.

खरं सांगू, त्या नमस्काराने बरं वाटलं. कोणाला तरी माझी किंमत आहे. म्हटलं, राहावं अजून थोडे दिवस. रविवारी काकांना विचारणार आहे, की लोक माझ्याकडे का येत नाहीत ते खरं खरं

बाहेर बस परत आल्यासारखी वाटते. इतक्यात कशी आली? कोणाचं काही राहिलं असेल. पडदा सारून बघतो


ता. १९ ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस,
नमस्कार वि. वि.

सोबत टिल्लूचं पत्र आहे. त्या दिवशी त्याच्या टेबलावर तसंच अर्धं राहिलं होतं. त्याने ते फाडायला घेतलं, मी काढून घेतलं. ते तुमचं आहे, तुम्ही वाचायला हवं.

दादाने सगळं सांगितलंच असेल. तरी मीही लिहिते, कारण दादा रडत होता, त्याला नीट ऐकू गेलं नसेल. पुलापर्यंत गेल्यावर ह्यांनी सुताराच्या खांद्यावर मान टाकली. ड्रायव्हरने तिथेच बस वळवली आणि दवाखान्याच्या पायरीला आणून लावली. टिल्लूने ह्यांना पायरीवरच आडवं घेतलं. घामाने त्याचा शर्ट ओला झाला तरी छाती दाबायचं सोडेना. बस परतलेली पाहून मी दुकानातून धावत आले होते. शेवटी मीच त्याचे हात धरले आणि पुरे म्हटलं.

मग त्याने मान वर केली. बसमधली सगळी माणसं खाली उतरून उभी होती. पोट धरलेली, तापलेली पोरं घेतलेली, खोकणारी, पायाला चिंध्या बांधलेली. जी माणसं तो पाच महिने खिडकीतून बघत होता, ती. त्याने विचारलं, की तुम्ही सगळे कुठे चालला होता. सुतार तेवढा म्हणाला, की तुम्ही जाऊ नये म्हणून, साहेब. टिल्लू तिथेच पायरीवर बसला.

मी ह्यांच्यावर आयुष्यभर हसत आले. वेळापत्रकांवर, फळ्यावर, नियमांवर. नियम करणारा स्वतःचा नियम पाळत मेला, यावरही हसता आलं असतं. पण भाच्याच्या दारावरून, त्याच्या डोळ्यांदेखत, छातीत कळ येत असताना हे बसमध्ये चढले, आणि तो मुलगा समजला की नमस्कार केला. यावर हसायला मला जमलेलं नाही.

संध्याकाळी त्याने मला विचारलं, की आईला माहीत होतं का. मी ह्यांना दिलेला शब्द ह्यांच्याबरोबर संपला होता. मी हो म्हणाले. त्याच्या पत्राची वाट बघू नका. लिहील तेव्हा लिहील.

पहिला हप्ता वेळेवर आला. सरकार या बाबतीत चोख आहे. हप्त्यासोबत अभिनंदनही आलं, की या भागात सर्वांत कमी रुग्ण आमच्या गावात, आणि इतक्या निरोगी गावाला डॉक्टरची गरज आहे का याचा विचार चालू आहे. मी टिल्लूला म्हटलं, पैसे परत कर. तर म्हणाला, परत केले तर कोणा साहेबाच्या खोलीत गालिचा येईल. त्याने त्या पैशांतून हृदयाचा आलेख काढायचं यंत्र मागवलंय. तुमची निळी पाटी त्या यंत्रात गेली, वहिनी. तुम्हीच लिहिलं होतंत ना, त्याच्याकडे नळीखेरीज आहे काय. आता आहे. जागावाल्याला कळवून टाका.

पडदे मी शिवले होते, मीच उतरवले. पण टिल्लू आता खिडकीत बसत नाही. सकाळी टेबल-खुर्ची उचलून बस थांब्यावर नेतो आणि तिथे बसतो. त्याला दाखवल्याशिवाय कोणी बसमध्ये चढायचं नाही. ड्रायव्हरही खाली उतरून रांगेत उभा राहतो, त्याचा घसा बसलाय. रांग थांब्यापासून वखारीपर्यंत जाते. ह्यांना जी भीती होती नेमकी तीच खरी झाली, आणि तो मुलगा पळाला नाही. उभ्या उभ्या चहा पितो. तोही वाळणार, मला दिसतंय. दोन वर्षांनी राहणार का, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायचंही नाही. जायचं असेल तेव्हा जाईल, पण आता त्याला ठेवण्यासाठी कोणी बसमध्ये चढणार नाही.

तुम्ही आला नाहीत, गुडघे दुखतात असं दादा म्हणाला. गुडघ्यांसाठी इथे डॉक्टर आहे. सकाळी लवकर या म्हणजे रांगेत पुढे नंबर लागेल.

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहून मग तुम्ही ते खोडलंत. आतल्या दोन पानांपेक्षा ती एक रेघ मला खरी वाटली. ती एक ओळ मात्र तुमच्याने लिहवली नाही, वहिनी.

लोभ पूर्वीइतकाच आहे असं खोटं लिहीत नाही. उरलाय तेवढा सांभाळा.

टिल्लूची आत्या